दारात थांबलेला एक

ये, जरा जवळ सरकून बस. गोष्ट मोठी नाही, एकाच दिवसाची आहे. सकाळी पावणेनऊला सुरू होते आणि दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या आसपास… संपते असं नाही म्हणता येणार, पण तिथे मी थांबेन. आणि सुरू होते ती एका टाचणीपासून.

हिरव्या डोक्याची टाचणी. ग्रंथालयाच्या जिन्याखालच्या फलकावर, मधोमध, एकटीच. तिच्या खाली अडकलेला कागदाचा तिकोनी तुकडा, नखाएवढा, पिवळा — आणि फलकापुढे उभी असलेली बाई त्या तुकड्याकडे बघतच राहिली, कारण तो पिवळा तिचा होता, तिनेच निवडलेला, भर उन्हात डोळे मिटले की पापण्यांतून दिसतो ना, तो. छापखान्यातल्या माणसाला समजावताना तिने खरोखरच डोळे मिटून दाखवले होते आणि तो म्हणाला होता, ताई, डोळे उघडा आणि तक्त्यातला नंबर सांगा. त्या पिवळ्याचा एवढाच तुकडा आता उरला होता, आणि बाकीचा फलक धुतल्यासारखा स्वच्छ.

काल संध्याकाळी इथे पोस्टर होतं. 'गणित गाऊन — सरांचा वार्षिक तास. दुपारी चार, खोली क्रमांक नऊ.' आजच, चारला.

ती वळली आणि चालू लागली, आधी चालली, मग पावलं आपोआप लांब पडू लागली — उपाहारगृहाबाहेरचा फलक, रिकामा. रसायनशाळेच्या व्हरांड्यातला, रिकामा. सायकलींच्या शेडजवळचा, ज्याच्यावर एरवी हरवलेल्या छत्र्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा महिनोन् महिने टिकतात, तोही… अकरा फलक, प्रत्येकावर दोन, बावीस पोस्टरं. आणि प्रत्येक फलकाच्या खालच्या कडेला टाचण्या एका ओळीत नीट टोचून ठेवलेल्या. म्हणजे वारा नव्हे, खोडसाळपणाही नव्हे. मावशी. मावशींनी काढली, आणि मावशी कधी चुकत नाहीत.

मग चुकलं कोण, हे तिला कचेरीत पोचण्याआधीच कळलं होतं, पण तरी तिने खण उघडला, शिक्का हातात घेतला आणि उलटा करून त्याचं दातेरी चाक पाहिलं. कालची तारीख.

इथली रीत अशी की कुठलंही पोस्टर फलकावर लावण्याआधी त्याच्या कोपऱ्यात 'या तारखेनंतर काढावे' असा शिक्का बसतो, आणि तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला झाडलोट करणाऱ्या मावशी ते काढतात. मजकूर कशाचा आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. शिक्का मारायचा तो कार्यक्रम कचेरीतल्या या बाईने, जिला सगळं विद्यापीठ 'टाचणीताई' म्हणतं — एक तर ती अंगाने तशीच आहे आणि दुसरं म्हणजे तिच्या स्वेटरच्या कॉलरला कायम सात-आठ टाचण्या टोचलेल्या असतात. सतरा वर्षं ती हे करते आहे. सतरा वर्षांत चाक फिरवायला ती कधी विसरली नव्हती.

कशी विसरले मी?

आणि विचारता विचारताच तिला हसू आलं, अगदी नको त्या वेळी, कारण तिला आठवलं. पुस्तक-प्रदर्शनाच्या पोस्टरांवर शिक्के मारून झाले होते, ते प्रदर्शन काल संपलं, तारीख बरोबरच होती. मग तिने सरांचा पिवळा गठ्ठा पुढ्यात ओढला, आणि ते पिवळं बघून तिच्या तोंडात सरांचं ध्रुपद आलं — उरतोच एक, उरतोच एक — आणि हात ठेक्यावर पडू लागले, 'उरतोच'वर शाईत, 'एक'वर कागदावर, बावीस वेळा, कुठेही सम न चुकता. चाक तेवढं फिरवायचं राहिलं. दुःखात हात चुकतो असं लोक सांगतात. आनंदात चुकलेल्या हाताचं काय करायचं, देवा, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

ते ध्रुपद तिने कधी समोर बसून ऐकलेलं नव्हतं. दाराबाहेरून. दरवर्षी. कार्यक्रम सुरू झाला की तिचं काम संपतं, ती पुढच्या कार्यक्रमाची पोस्टरं घेऊन निघते — व्याख्यानं, नाटकं, बुद्धिबळाचे सामने, रक्तदान, सतरा वर्षांतले हजारभर कार्यक्रम तिने लोकांपर्यंत पोचवले आणि एकातही ती खुर्चीवर बसलेली नाही. फक्त सरांच्या तासाला तिची पावलं खोली नऊच्या दाराशी रेंगाळतात. आणि फक्त सरांच्या पोस्टराला ती हिरव्या टाचण्या लावते. सक्तीच्या सूचनांना लाल, बाकी सगळ्यांना पांढऱ्या, हिरवी फक्त… हे कुणाला ठाऊक नाही. विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं.

"सापडली का चूक?" दारातून साहेबांनी विचारलं. कार्यक्रम कचेरीचे साहेब तसे भले गृहस्थ, पण त्यांचा चेहरा कायम नुकताच वाईट निरोप मिळाल्यासारखा.

"सापडली, साहेब. माझीच आहे."

"पुन्हा छापता येणार नाहीत हं. छापखान्याला दोन दिवस आधी मागणीपत्र."

"आणि काढलेली?"

"रद्दीची गाडी सातला गेली." साहेब आत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, मला वाईट दिसायची हौस नाही. पण खोली एकच आणि मागणारे बारा. गेल्या वर्षी सरांच्या तासाला माणसं होती सात. सात! समितीने लिहून दिलंय, सव्वाचारला मी डोकी मोजायची. तीस भरली तर तास राहील. नाही भरली तर पुढच्या वर्षीपासून… तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. म्हणूनच तर यंदा पिवळा.

ते गेल्यावर तिने फोनवरून सगळ्यांच्या सामायिक गटात निरोप टाकला — नऊ हजार माणसांचा गट. तीन मिनिटांत तो परीक्षेचं वेळापत्रक, एक हरवलेली निळी पाण्याची बाटली आणि त्या बाटलीवरून पेटलेलं भांडण यांच्याखाली गडप झाला. खाली एकच अंगठा आला. गणित विभागाच्या शिपाईभाऊंचा. ते तसेही येणारच होते, खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते.

आणि या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पोस्टर आठवडाभर लागलेलं असतं, पण ते वाचलं जातं कार्यक्रमाच्या दिवशी, सकाळी नऊ ते अकरा. आधीचे सहा दिवस माणसं नुसती त्याच्यावरून नजर घासत जातात. आज सकाळी ती नजर थांबली असती आणि आज सकाळीच फलक बोडका.

मावशी तिला सापडल्या भाषाभवनाच्या जिन्यात, बादली एका पायरीवर, आपण दुसऱ्या पायरीवर.

"ताई, ते पिवळे मी काढले. कालचा आकडा होता."

"बरोबर काढलेत मावशी."

"मजकूर वाचत बसले तर अकरा फलक व्हायचे कधी? मी आकडा बघते आणि हात घालते." मग तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून, आवाज उतरवून, "काढायचे नव्हते का?"

"नव्हते. पण शिक्का मी मारला."

मावशींनी फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. "ते म्हातारे सर ना? गाणारे? एकदा त्यांच्या खोलीबाहेर पुसत होते मी. अर्धा तास एकच फरशी पुसली." आणि त्या हसल्या. "मग आता कागद नाही म्हणता तर तोंडाने सांगा."

"मला नाही जमत."

"मला तरी कुठे भाषण येतं? पण मी पोछा घेऊन आले की सगळे पाय वर उचलतात बघा. पाय वर असतात तोवर माणूस कुठे जाणार? तेवढ्यात सांगून टाकीन — चार वाजता, नऊ नंबर. पाय खाली ठेवायच्या आत."

ती हसली, पण जिना उतरता उतरता ती पुन्हा नऊ वर्षांची झाली होती —

बाबा देवाच्या कथा गाऊन सांगायचे. बाजाराच्या मागच्या एका लांबट खोलीत, आठवड्यातून एकदा. आणि बोलावणं करायचं काम तिचं. चाळीस दारं. प्रत्येक दाराशी जायचं, कडी वाजवायची आणि म्हणायचं, आज बाबांचं आहे, या हं. एवढंच. पण कडी वाजवली की आतून पावलं यायची, आणि पावलं जवळ आली की तिच्या तोंडातलं 'या हं' वाळून जायचं. म्हणून तिने चिठ्ठ्या लिहिल्या, चाळीस, गोल अक्षरात, भोवती वेलबुट्टी काढून, आणि दाराखालून आत सरकवून ती पळत सुटली. चाळीस दारं, एका तासात. किती मोकळं वाटलं होतं! त्या दिवशी खोलीत माणसं आली चार. एक शिंपी, जो अंधुक उजेडातही हातशिलाई करत ऐकायचा. दोन म्हाताऱ्या बहिणी, दोघींत मिळून एक चष्मा. आणि आई.

बाबा त्या चौघांसाठी असे गायले की भिंतींनी सरकून जागा करून द्यावी. घरी जाताना रागावले नाहीत. रागावले असते तर ती विसरली असती. ते म्हणाले, "चिठ्ठ्या छान लिहिल्यास ग. अक्षर गोल आहे तुझं."

तेव्हापासून मी गोलच अक्षर काढते आहे… आणि दाराखालून सरकवते आहे.

झेरॉक्सच्या खिडकीपुढे रांग होती. पंधरा-वीस मुलंमुली, हातात वह्या, नजरा फोनमध्ये. रांग म्हणजे पाय उचललेली माणसंच की. ती रांगेच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कुणी पाहिलं नाही. तिने घसा खाकरला. एका मुलीने मागे सरकून तिला रांगेत जागा करून दिली.

"नाही, मला झेरॉक्स नको," ती म्हणाली, आणि आवाज इतका बारीक निघाला की मुलीने कानातला इयरफोन काढून विचारलं, "काय?"

"आज चार वाजता… खोली नऊ. सरांचा तास आहे. ते गणित गाऊन सांगतात."

"गाऊन?" मागचा एक उंच मुलगा वाकून म्हणाला. "ताई, गणित रडून सांगणार असतील तर पटेल बघा. आमचा रियाज आहे."

रांग हसली. आणि आता पळायचं, हे तिच्या पायांना आपसूक ठाऊक होतं, ते वळलेही होते, पण तोंड — तोंडाला कुणी विचारलंच नाही, ते बोलून मोकळं झालं:

"रडायचं ते तुमचं तुम्ही परीक्षेत करताच की. त्याला आमच्या कचेरीची परवानगी लागत नाही."

मग रांग पुन्हा हसली, पण आता हसू उंच मुलाकडे वळलेलं होतं, आणि तोही हसत होता, कपाळावर हात मारत. "घ्या! टाचणीने टोचलं!"

"या हं," ती म्हणाली.

म्हणाली! तिचं तिलाच ऐकू आलं. पस्तीस वर्षं घशात अडकलेले दोन शब्द, झेरॉक्सच्या यंत्राच्या घरघरीत, इतके सहज, की जणू रोजच म्हणत आली होती. ती भिंतीला टेकली आणि यंत्रातून सरकणारा हिरवा उजेड बघत राहिली, आणि तिला त्या उजेडाचाही लळा लागला.

मग काय विचारतोस! माणसाला गोड लागलं की थांबतो का तो? उपाहारगृहात ती टेबलाटेबलाशी गेली. सायकलींच्या शेडमध्ये साखळी बसवत असलेल्या मुलीची साखळी धरून ठेवता ठेवता सांगितलं. रसायनशाळेतल्या मदतनिसाने नाक मुरडलं, "मी दहावीनंतर गणिताशी बोलणं टाकलंय," तर ती म्हणाली, "मग समेट करायला या." प्रत्येक दाराशी तिचं बोलणं थोडं बदलत होतं, एखादा शब्द गळत होता, एखादा येऊन चिकटत होता, आणि दुपारपर्यंत त्याला एक चाल लागली, तिला न विचारता, बाबांच्या चालीसारखी, वर जाऊन शेवटी अलगद खाली उतरणारी… चार वाजता, नऊ नंबर, या हं. आणि मध्येच दोनदा तिला लांबून मावशी दिसल्या. एकदा वाचनालयात, सहा मुलांचे बारा पाय हवेत, आणि मावशी पोछ्यावर हनुवटी टेकून निवांत बोलताहेत.

सगळीकडेच काही फुलं पडली नाहीत. एकाने तिच्या तोंडावर दार ओढून घेतलं. एक बाई म्हणाल्या, कागद असेल तर ठेवून जा, नंतर बघते. त्या 'कागद असेल तर' ने तिला बारीकशी कळ आली. ती म्हणाली, "कागद नाही हो. मीच आहे."

साडेतीनला सर आले. गणित विभागातून कधीच निवृत्त झालेले, एक्क्याऐंशी वर्षांचे, हातात पिशवी नाही, वही नाही, कोटाच्या वरच्या खिशात दोन खडू. त्या खडूंनी ते फळ्याच्या चौकटीवर ठेका धरतात, एवढंच त्यांचं वाद्य. फाटकाशीच ती त्यांना गाठून उभी राहिली, कारण हे दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळायला नको होतं.

"सर, माझ्या हातून एक चूक झाली." आणि तिने सगळं सांगितलं, शिक्का, चाक, ठेका, बावीस.

"ठेक्यावर मारलेस शिक्के?" सर थांबले. "सगळे?"

"हो."

"आड लयीत की सरळ?"

"सर, चेष्टा नका करू. आज तीस माणसं लागतात. नाहीतर तास बंद करणार आहेत."

"कळलंय मला. पत्र आलं." ते पुन्हा चालू लागले, हळू, तिच्या दंडाचा आधार घेत. "गेल्या वर्षी सात होते. सात फार छान संख्या आहे ग. स्वतःची स्वतः उभी. आणि तीस काय — कुणीही यावं आणि भागून जावं. दोनाने भागा, तिनाने भागा, पाचाने भागा. तीस मागणाऱ्यांना रसिक कसं म्हणावं?" मग थोडं पुढे गेल्यावर, डोळे बारीक करून, "एकतीस आण. एकतिसाला कुणी हात लावू शकत नाही."

ती हसली. पण बोलता बोलता त्यांचा मोकळा हात खिशातले खडू पुन्हा पुन्हा चाचपत होता, आणि त्या चाचपण्यातून तिला कळलं की यांना तास हवा आहे. सात माणसं असोत की तीन, वर्षातून एकदा यांना दोन खडू घेऊन उभं राहायचं आहे, आणि ते मागणार नाहीत. बाबाही कधी मागायचे नाहीत.

चाराला पाच कमी असताना खोलीत नऊ माणसं होती. ती दारात उभी राहून मोजत होती. शिपाईभाऊ धरून नऊ. शेजारी साहेब, हातात मोजणीचं छोटं बटण, अजून न दाबलेलं. चाराला चौदा. झेरॉक्सच्या रांगेतली मुलगी आली, तिच्यासोबत आणखी दोघी. सतरा. सर फळ्यापाशी उभे राहिले आणि वाट न बघता त्यांनी सुरुवात केली, खडू चौकटीवर, टक् टक्-टक्, टक् टक्-टक्, आणि तो आवाज, थोडा फाटलेला, पण आतून उजेड असलेल्या जुन्या कापडासारखा. उंच मुलगा आला, चार मित्रांना मानगुटीला धरून आणल्यासारखा. बावीस. रसायनशाळेचा मदतनीस आला आणि तिच्याकडे न बघता आत गेला, समेटाला आलेल्या माणसाने जावं तसा. तेवीस. मग मावशी, हातपाय धुऊन, पदर नीट करून, मागे झाडलोटीच्या आणखी तिघी. सत्तावीस.

चार वाजून दहा. सत्तावीस. व्हरांड्यात कुणी नाही.

ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. कुणी नाही. देवा, तीन दे. तीन म्हणजे काय तुला…

आत सर त्यांच्या आवडत्या जागी आले होते. ती जागा तिला पाठ होती, दाराबाहेरून पाठ. "आता ऐका," ते म्हणत होते, बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून बोलण्यात जात, "कुणीच भागू शकत नाही अशा सगळ्या संख्यांनी एकदा सभा भरवली. दोन आले, तीन आले, पाच, सात, अकरा, सगळे नटूनथटून. म्हणाले, यादी करा, दार लावा, आम्ही एवढेच! तेवढ्यात दारात आला एक. आकडा एक. म्हणाला, मला घ्या की आत, मलाही कुणी भागत नाही. तर ते काय म्हणाले? म्हणाले, बाबा रे, तुझ्याने गुणलं तर काही वाढत नाही, तुझ्याने भागलं तर काही घटत नाही — तू आलास काय नि गेलास काय!"

आणि सर थांबले.

हा थांबा तिला माहीत होता. इथे हसू यायचं असतं. दरवर्षी सर इथे थांबतात, खडू हवेत धरून, आणि दरवर्षी खोलीत काहीच येत नाही, कारण माणसांना कळत नाही की गणितात हसायला परवानगी आहे का. मग सर हळूच खडू खाली आणतात आणि पुढे जातात. बाहेरून तिने ती शांतता किती वर्षं ऐकली होती… आणि ती दुसऱ्याही एका खोलीतली शांतता होती, बाबांनी त्यांचा विनोद सांगून झालेला, स्वर्गाच्या दारात आपल्या नव्या वहाणा कोण सांभाळणार म्हणून अडून बसलेल्या शेटजींचा विनोद, शिंप्याची सुई थांबलेली, बहिणींपैकी एकीच्या नाकावर चष्मा — आणि शेवटच्या रांगेतून आई. आई हसायची. आधी नाकातून एक फुर्र, मग खांदे, मग सगळीच्या सगळी. दोनशे वेळा ऐकलेला विनोद, आणि दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी. की शिंपी हसायचा, की बहिणी, की बाबांच्या आवाजाला पंख फुटायचे. "आई, तुला तर माहीत असतं ना पुढे काय येणार?" तिने एकदा विचारलं होतं, थोडं चिडूनच. "माहीत असतं म्हणून तर आधी हसता येतं ग," आई म्हणाली होती. "बाकीच्यांना धीर येतो."

सरांचा खडू हवेत होता.

ती आत गेली. कधी गेली ते तिला कळलं नाही. उंबरा ओलांडल्याचं आठवत नाही, शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरल्याचं तेवढं आठवतं, आणि मग नाकातून आलेलं एक फुर्र, जे तिचं नव्हतंच. मग खांदे. मग मी अख्खी हसले, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता, सतरा वर्षं पस्तीस वर्षं सगळं एकदम, आणि पुढच्या रांगेतली डोकी वळली, मावशींच्या तोंडून एक खणखणीत हसू फुटलं, उंच मुलगा गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "बिचारा एक!" आणि खोली… खोली हसत होती. सर हसण्याकडे बघत उभे होते, फार वर्षांनी घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे. त्यांनी मान तिरकी करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथे कोण बसलंय ते त्यांना दिसलं असावं, कारण पुढचं ते तिकडेच बघून म्हणाले.

"एक म्हणाला, बरं बरं, मी इथेच दारात थांबतो. पण तुम्ही सगळे एकमेकांना गुणून भलेमोठे व्हा, आणि मग मला हाक मारा. मला एकट्याला त्यात मिळवा, आणि मग भागून बघा! दोनाने भागलं — उरला एक. तिनाने भागलं — उरला एक. पाचाने, साताने, यादीतल्या कुणीही भागलं तरी…"

"उरतोच एक," कुणीतरी म्हटलं.

"म्हणजे यादीबाहेर कुणीतरी आहेच! आहेच की नाही? यादी कधी पुरी व्हायची नाही रे बाबांनो, दार कधी लागायचं नाही — उरतोच एक, उरतोच एक —" आणि खडू चौकटीवर पडले, आणि यावेळी ठेका एकट्या खडूंचा नव्हता. पाय वाजत होते, वह्या वाजत होत्या, मावशींनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला होता.

सव्वाचार झाले असावेत. दारात साहेब उभे होते, बटण हातात, ओठ हलत होते. मोजत होते की गात होते, ते तिला दिसत नव्हतं. व्हरांड्यातून पावलांचे आवाज येत होते, एकाचे की पाचांचे, की कुणी नुसतंच पुढे चाललं होतं. तिने वळून पाहिलं नाही. सत्तावीसवर ती होती, हे आठवलं, आणि मग त्याच्या पुढे आपण स्वतःला धरायचं की नाही, या प्रश्नापाशी तिची मोजणी अडकली, आणि अडकली तशीच तिने सोडून दिली, हातातून पतंगाचा दोरा जाऊ द्यावा तशी, वर बघत. कॉलरला हात गेला. हिरवी टाचणी. सकाळी फलकावरून काढून इथे टोचलेली, पिवळ्या तुकड्यासकट. ती तिने काढून मुठीत धरली आणि ठेका धरला, मुठीने, मांडीवर, 'उरतोच'वर अलगद, 'एक'वर जोरात. टाचणी टोचली. टोचू दे.

तर एवढंच, बस. तास राहिला का, तीस भरले का, हे तू विचारशील, आणि विचारावंसंच आहे. पण त्या क्षणाला मला ते ठाऊक नव्हतं आणि नवल म्हणजे नकोही होतं, आणि मला तुला तोच क्षण द्यायचा होता. माझी एक विनवणी मात्र आहे. तू कधी अशा खोलीत असशील, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील आणि समोरचं माणूस काही गोड बोलून, हात हवेत धरून, थांबलेलं असेल — तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माझ्या आईची आठवण ठेव. आधी नाकातून. मग खांदे.